राहिलेली अट

डोळ्यांच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता आणि कान रिकामे होते. शेजारी डेटाबेसच्या भाषेवर पुस्तक लिहिणारे गृहस्थ, डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसलेले. मोबाइल बायकोच्या हातात.

"अहो, वाचकाची मेल आहे. कुठल्याशा दवाखान्यात नोंदी ठेवतात त्या बाई."

"वाच. काय चुकलंय?"

"'तुमच्या डिलीटच्या उदाहरणात कोणत्या नोंदी उडवायच्या ती अटच छापायची राहिलीय. मी तसंच चालवलं आणि सगळे पेशंट उडाले.'"

"सगळे?"

"ऐका तर. 'बॅकअप होता म्हणून निभावलं. सगळ्यांकडे असेलच असं नाही. नव्या आवृत्तीत तेवढं बघा.'"

"आजच छापतायत गं ती. छापखान्याला फोन लाव."

"लावलाय. हॅलो, मशीन सुरू करू नका, एक ओळ बदलायचीय. हो, हेच सांगतायत. अहो, थांबवलं त्यांनी."

"सुटलो. आता बाईंना लिही, तुमचे फार उपकार झाले. प्रस्तावनेत पहिले आभार तुमचे."

"लिहिते. लग्न झाल्यापासून तुमच्या चुका मी काढतेय, माझे आभार कुठल्या प्रस्तावनेत आले?"

"तू सांगितलेल्या दुरुस्त्या केल्या की सगळ्या."

"सगळ्या?"

"राहिल्या असतील तर त्याही सांग. छपाई थांबलेलीच आहे."