गोलात आंत्वी नसताना

—नाही नाही मामा, त्या खुर्चीवर नका, तिचा पाय गेलाय, इकडे बसा. हां. तुम्ही का आलात ते मला न सांगताच कळतंय. भाचा घरी तोंड फुगवून बसलाय, आणि कोच म्हणजे राक्षस — हेच ना? सांगितलं असेल त्यानं सगळं. सांगू दे! मी काय घाबरतो? पण माझंही ऐका. रविवारी हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जातो आणि मी जातो घरी. गोलात उभा करायला तुमच्या आंत्वीशिवाय माझ्याकडे आहे कोण? तो क्वापोंग — बॉल आला की डोळे मिटतो! गोलकीपर, आणि डोळे मिटतो!

मी पोरांना कडक ठेवतो. हो, ठेवतो. माझ्या कोचनं मलाही असंच वाढवलं, शिव्या खाऊनच पायात जोर आला. गेल्या वर्षी ह्याच शिव्यांवर आम्ही तिसरे आलो, टेकीमान गावभर वाहवा झाली, तेव्हा नाही आले कुणाचे मामा! — माफ करा, जीभच अशी आहे. तो सुन्यानी गावच्या क्लबचा कोच, पोरांच्या पाठीवरून हात फिरवतो, चुकलं तरी म्हणतो ‘असू दे राजा’ — हसायचो मी त्याला. आता तो वर आणि मी तळाला. का? मीच सांगतो का ते. माझी पोरं बॉलकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघतात. पास द्यायच्या आधी एकदा माझ्या तोंडाकडे — तेवढ्यात बॉल गेलेला असतो. परवा सरावात मी खोकलो, तर तिघं जागच्या जागी थांबले. नुसता खोकलो, मामा! भीती वाटते हो मला त्यांच्या त्या बघण्याची.

आणि आंत्वीचं म्हणाल, तर गोल पायांमधून गेला, पायांमधून, शेंबड्या पोरानं अडवला असता. मध्यंतराला सगळ्यांदेखत मी त्याचे हातमोजे काढून घेतले. तिथंच थांबायला हवं होतं. पण ते आईचं — ‘तुला जन्म देण्यापेक्षा तुझ्या आईनं कसाव्याचे कंद लावले असते, तर निदान ते कांडून फुफू तरी खाल्ला असता घरच्यांनी’ — ते आपलं रागात निघालं तोंडातून. हसलंही नाही कुणी. तुमची सख्खी बहीण ती, ठाऊक आहे मला, पण माझ्या मनात तसं काही — असे काय बघताय?

अरे देवा. पाणी! मघापासून बडबडत सुटलोय आणि तुम्हाला पाणीच दिलं नाही. आपल्या रिवाजात पाण्याआधी पाहुणा तोंड उघडणार कसा? माझी आई असती तर कानफटात दिली असती. घ्या. प्या सावकाश. हं, आता रीतीनं विचारतो — मामा, आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुमचं काय येणं झालं?

काय? … माफी? त्याच्या वतीनं तुम्ही — माझी? ‘चूक माझीच होती, कोचना माझ्यासाठी विनवा, मला रविवारी खेळायचंय’ — असं म्हणाला तो? आणि आईबद्दल … एक अक्षरही नाही? म्हणजे हे तुम्हाला आत्ता, माझ्याच तोंडून —

मामा, उठू नका. ही बघा, टोपी काढली मी. बसा हो. निरोप मागितल्याशिवाय असं कुणी उठून जातं का आपल्यात? मागा ना, मी अडवणार नाही. मामा! बहिणीला एवढं सांगू नका …

मामा, रविवारी पाठवाल ना त्याला?