पंचाच्या घरच्या बांगड्या

— अगं हळू, रंगूमावशी, हळू! बांगडी बारीक न्हाई गं, मनगाटच सुजलंय. सांगितलं न्हवं, गोठ्यात पाय घसारला म्हणून? मागल्या खेपेला? तवाबी गोठ्यातच. असं काय बघतीस? तू कासारीण, गावोगावच्या बायकांचं हात धरतीस, तुला काय काठीचा वळ वळखू येत न्हाई? बरं बाई, काठी. झालं समाधान? आता भर कोपरापतोर. शेजारच्या पद्मानं तिच्या पोरीच्या बारशाला बोलवलंय, आन सवाष्णीनं मोकळ्या हातानं उंबरा वलांडायचा न्हाई — हे आमच्या ह्यांस्नी पक्कं ठावं हाय. म्हणून तर पैल्यांदा बांगड्याच फोडत्यात. मग बस घरात कोंडून, तुझी फेरी येईपतोर.

काय म्हणलीस? भूमिगतांच्या पंचाकडं जाऊ? व्हय की, मीबी ऐकलंय. गोऱ्यांचं सरकारी कोर्ट सोडून समदी तिकडंच जात्यात. बायकूला मारणाऱ्याला देवळाम्होरं उभा करून फटकं देत्यात, तिच्या पाया पडाय लावत्यात. त्यो लालासाहेब बघ — दारू पिऊन बायकूला तुडवायचा — असा सरळ केला, की आता तिच्याम्होरं मान वर करत न्हाई. लय चांगलं काम हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तिथं मधी बसून न्याव कोण देतं, ठावं हाय का? ह्ये. आमचं मालक. त्या लालासाहेबाचा न्याव करून घरी आलं, हातपाय धुतलं, जेवाय बसलं, आन आमटी अळणी झाली म्हणून — जाऊ दे. तू बांगडी घाल.

कुंडलला माझ्या भावाला सांगतीस? नगं गं मावशे, तुझ्या पाया पडते! आन अर्जुना हाय कुठं कुंडलला — म्हंजे... आरं देवा, बोलून गेले. तू ऐकलं न्हाईस. माझ्या गळ्याला हात लावून सांग, ऐकलं न्हाईस! त्योबी भूमिगतांतलाच, वारंट हाय त्याच्यावर. लपून हाय, आन कुठं ते एकट्या ह्यांस्नीच ठावं. काठी उचलली की पैलं त्येच म्हणत्यात — तुझा भाऊ कुठं हाय मला ठावं हाय, एक शब्द फौजदाराला पुरंल. मग वरडू कशी? तोंडात पदर कोंबते आन सोसते. कुणाला हाक मारू तूच सांग. जीव नकोसा झालाय बघ.

थांब. दारात कोणतरी उभं हाय... व्हय बाई, ह्येच पंचाचं, आकाराम अण्णांचं घर. ये, अशी वट्यावर टेक. अगं बया, डोळा किती सुजलाय! नवऱ्यानं? आन पोराला काखंत मारून उंब्रजपासनं चालत आलीस? रडू नगं. येत्यालच ह्ये आता. समदं सांग त्यांस्नी, भिऊ नगं. तुझा न्याव करत्याल. खरंच करत्याल, त्यात खोट न्हाई. पाणी आणते तुला.

रंगूमावशी, तू जा आता. मागल्या दारानं जा.