झोपेची बाटली

जळगावच्या दवाखान्यात दिपमाला नंबर यायची वाट बघत बसली होती. डॉक्टरांना भेटून आलेले भिकन आबा आणि बाहेर थांबलेल्या द्रौपदाबाई, एक अनोळखी म्हातारं जोडपं, तिच्या शेजारी येऊन टेकलं. आबांच्या हातात पुण्याच्या मुलानं, राजदीपनं, पाठवलेली काचेची बारीकशी बाटली होती.

"काय म्हणाले हो डॉक्टर?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"पेप्टाइड म्हणून टोचायचं औषध आहे म्हणे. झोपेवर, ताणावर अजून प्रयोगच चाललेत. टोचून घेऊ नका, म्हणाले."

"पोरानं किती हौसेनं मागवलं होतं!"

"मला झोप नाही, हे त्याला बघवत नाही गं."

"रातराणी बस चालवण्यात जन्म गेला तुमचा. पण दिवसा कसे गाढ झोपायचे!"

"तू झोपू द्यायचीस."

"पोरांना दटावायची ना मी. बाबा झोपलेत, हसू नका, भांडू नका. बठ्ठा, सगळाच्या सगळा खेळ मागच्या दारी."

"मला वाटायचं, आपली पोरं मुळातच शांत."

"कुठली हो! आपली संघमित्रा तर दिवेलागणीला मोकळ्या गळ्यानं गायची. तुम्ही ड्यूटीवर गेले की."

"मी कधी ऐकलंच नाही."

मोबाइलमध्ये बघत बसलेल्या दिपमालाचं बोट थांबलं.

"राजदीपला फोन लाव. बाटलीचं सांगून टाकू."

"आता नको. रातपाळी करून झोपला असेल."

"मग नातवाशी बोलू."

"फोन वाजला तर राजदीप उठेल ना."

"आणि त्याचं पोरगं काय करत असेल गं?"

"बसलं असेल कोपऱ्यात, गुपचूप."

"उठला तर उठू दे त्याला. तू लाव फोन."