शालिग्रामची सुटका

तात्यापाऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. समोरच्या बाकावर दोन शेजारणी बोलत होत्या. दाराजवळ एक माणूस त्यांच्यातल्या मोठ्या बाईंची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

“वनमालाकाकू, हाच का तो शाळेचा व्हॅनवाला शालिग्राम?”

“हव, हाच. लहान पोट्टीले हात लावल्याच्या केसमध्ये सहा वर्षं नाहक जेलात होता बिचारा. वकील मीच केला, बिलासपूरच्या हायकोर्टात चकराही मीच मारल्या.”

“अन् नाहक कसं कळलं?”

“त्या दिवशी त्याची व्हॅन गुढियारीत गॅरेजमध्ये खोलून ठेवली होती. गॅरेजवाल्याले कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं.”

“लय मोठं काम केलं, काकू.”

“आता आमचाच ऑटो चालवते. मले बाजारात नेते, मंदिरात नेते.”

“मग तुमच्या नातीले, ईरालेही शाळेत तोच सोडत असन?”

“नाही बा! तिले दुसरी व्हॅन लावली.”

“काहून?”

“सून घाबरते ना.”

“सून तर म्हणे, तुम्हीच नाही म्हटलं.”

“अगं, विश्वास आपल्या जागी, पोट्टी आपल्या जागी.”

तेवढ्यात एक बाई लहान मुलीला घेऊन आत आली. शालिग्रामने पिशवी काकूंजवळ ठेवली आणि तो बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

“पाहिलं? लेकरू दिसलं का आपणच उठून जाते. सांगावं नाही लागत. म्हणून तर मी पहिल्यापासून म्हणून राहिली, हा माणूस निर्दोष आहे.”