शेवटचे चार बाइट

(चाचणीची खोली. टेबलावर बोर्ड, त्यावर कारखान्यातून नुकतीच आलेली, कॉम्प्युटरांना तारेने जोडणारी इथरनेटची चिप. आखलेली नवऱ्याने, तपासलेली बायकोने.)

नवरा: आणखी एकदा लाव.

बायको: सकाळपासून तेच करतेय. कमी वेगात चिप अगदी शहाण्यासारखी वागते. पूर्ण वेगात माहितीची पॅकेटं एकाला एक खेटून निघाली, की पहिल्याच्या शेवटच्या चार बाइटांवर मागचं येऊन चढतं.

नवरा: मग पॅकेटासोबत जाणारा तपासणीचा आकडा जुळायलाच नको! पलीकडच्याने ते पॅकेट फेकून द्यायला हवं.

बायको: जुळतो ना. तुझी चिप आधी शेपटी बिघडवते आणि मग आकडा काढते. खराब मालावर बरोबरचा शिक्का. पलीकडचा बिचारा डोळे मिटून ते ठेवून घेतो.

नवरा: सॉफ्टवेअरवाले काही...

बायको: त्यांनी हात वर केले.

नवरा: वेग कमी करून विकू.

बायको: वेगासाठीच तर घेतायत लोक. आणि चिप नव्याने घडवायची, तर कंपनीत तेवढा दम नाही म्हणाले साहेब. येतीलच आता.

नवरा: पण आधीच्या चाचण्यांत हे दिसलं कसं नाही? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही!

बायको: दिसलं होतं.

नवरा: काय?

बायको: चिप कारखान्यात जायच्या आधी, कॉम्प्युटरवरच्या चाचणीत. एकदाच नापास झाली. मी ‘हरकत नाही’ म्हणून सही केली.

नवरा: तू? अगं, टॉवेल वाकडा वाळत घातला तर तू मला परत गच्चीवर पाठवतेस!

बायको: तेच तर. आदल्या दिवशी केवढा ओरडलास. ‘ऑफिसात माझ्या चुका, घरात माझ्या चुका, कधी बरोबर म्हणशील का मला?’ आणि उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेलास. म्हटलं, एवढं एक सोडून देऊ.

नवरा: माझ्यासाठी?

बायको: त्यानंतर किती छान वागत होतास. स्वतः चहा करून आणून द्यायचास.

नवरा: साहेबांना मी सांगतो. आखणी माझी, चूक माझी.

बायको: सही माझी आहे रे. ते तीच बघणार.

नवरा: मग मी काय करू? काहीतरी सांग ना!

बायको: काही नाही. बोर्ड बंद कर... नको, राहू दे. त्यांना दाखवावं लागेल.

नवरा: तेव्हाच बोलली असतीस, तर फार तर भांडलो असतो गं.

बायको: हो. तेवढंच नको होतं मला.