सरसर पळणारी गोगलगाय

म्युनिकमधल्या आमच्या बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. तो हातातल्या छोट्या यंत्रावर गेम खेळत होता.

"व्रोनी, आपल्या गेम-यंत्राचा प्रोसेसर आज ठरवायचाच. आगाऊ पैसे भरून लोक तीन वर्षं थांबलेत. वेगवानच घेऊ."

"त्याची माहिती गुप्त ठेवायची अट आहे, कॉर्बी. मग कुणीही आत बघून सुधारावं असं आपलं यंत्र खुलं कसलं? त्या दुसऱ्या प्रोसेसरचं सगळं खुलं आहे."

"ती गोगलगाय आहे गं! हा यातला वेगवान बघ, कसा सरसर पळतोय!"

"आवडला?"

"म्हणजे काय!"

"तीच तुझी गोगलगाय. तू अंघोळीला गेलास तेव्हा मी यातला प्रोसेसरचा बोर्ड बदलला."

"काल तर रखडत होती!"

"माहिती खुली होती, म्हणून आपल्याच एका गिऱ्हाइकानं रात्री तिला चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, सुधारून पाठवला."

"लबाड!" तो काउंटरवरच्या बाईंकडे वळला. "काकू, दोन ब्रेझेल पाव द्या. नको, तीन. एक गोगलगायीला!"