खाडीचं पाणी कोण आणणार

आत्ता अर्ध्या तासामागं तुमच्या समद्यांच्या तळहातावर जे पाणी पडलं ना, ते तीर्थ नव्हतं. खारट लागलं म्हून तोंडं वाकडी केली तुमी. मी चहाचं आधण सोडून पळत आले, तवर पार फाटकापर्यंतच्या रांगेचं पिऊन झालं होतं. एकीनं तर राहिलेला थेंब डोळ्याला लावून डोक्यावरून फिरवला. कोणी इचारलं का, हे पाणी कुठलं, कशाचं? न्हाई. बाटलीवर गोदावरीची खाडी लिहिलेलं, त्यातलं गोदावरी तेवढं दिसलं की झालं. हात पुढं.

आन् बाकीच्या बाटल्या? त्या फोटोपुढं ओतल्या. एकेक करून, हात जोडून. आबा, तुमीच ओतल्या. तुमी शाळेच्या समितीचे अध्यक्ष, मोठ्या मनानं ओतल्या असतील, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ज्या बाईची ही शोकसभा हाय, तिची आख्खी शाळा तुमी तिच्याच फोटोपुढं मातीत जिरवली.

माईक बंद करू नका. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं, ते मला ठावं हाय. मी सरू. ह्या शाळेत खिचडी शिजवते. तिसरीत असताना आईबापासंगं ऊसतोडीला गेलते, ती शाळेत परत आले ते थेट चुलीपाशी. म्हून माझं बोलणं इथल्या सरांसारखं न्हाई होणार. तुमी समदे आलात, सिरसाळ्याहून, माजलगावहून बी मास्तर लोक आलेत, बरं केलं. ती जिती असताना एवढी माणसं तिच्या दारात मी एकदा बी बघितली न्हाईत. तेच बोलायचंय, आन् तेच बोलवत न्हाई.

कुंदाबाई कोकणातल्या. खाडीकाठच्या. नोकरी लागली ती इथं, आपल्या सिंदफणेच्या काठावर. आल्या तवा गावात कोणी खोली देईना. कावून? तर बाई मासे खाणार, वास येणार. आठवतंय ना? आपणच होतो ते. शेवटी शाळेमागची पत्र्याची खोली मिळाली. त्या खोलीत बावीस वर्षं. वर्साला एकदा भाऊ सुकट पाठवायचा. ती बी बाई दार लावून, खिडकी लावून भाजायच्या, आन् मंग वास जाईस्तोवर ओट्यावर येऊन बसायच्या. घामानं भिजलेल्या. मी म्हणलं, "बाई, उघडा की खिडकी, मरता का?" तर म्हणल्या, "नको सरू, उगाच कोणाला त्रास."

दसरा झाला की आपलं अर्धं गाव ऊसतोडीच्या टोळ्यांसंगं जातं. माझा ल्योक, सून, नातवंडं, समदे कोयते घेऊन जातात. मागं राहतात म्हातारी, कुत्री, आन् मी. आन् त्या. दुपारी पोरांची ताटं घासून झाली की आमी दोघी ओट्यावर भाकरी खायचो. सा महिने. दुसरं बोलायला कोण होतं? तिला मी, मला ती.

एका वर्सी पुस्तकात खाडीचा धडा आला. पोरांनी इचारलं, बाई, खाडी म्हंजे काय? आता आपल्या बीडच्या पोराला खाडी कशी सांगावी? त्यानं धरण बघितलेलं, तेच त्याचा समुद्र. बाई दोन दिवस मागल्या आंगणात येरझारा घालत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणल्या, "सरू, तळ्यातली चिकणमाती मिळेल का?"

पाट्यांनी माती आणली आमी. मी तुडवली. मागल्या आंगणात त्यांनी बालाघाटाचे डोंगर केले, मंग आपली सिंदफणा, माजलगावचं धरण, पुढं मंजरथचा संगम. तिथून गोदावरी, लांबलचक, नांदेडवरून पार आंध्रात. आन् शेवटाला माझी परात, अर्धी मातीत पुरलेली. त्यात मिठाचं पाणी. म्हणल्या, "हा समुद्र. आणि जिथे हे गोड पाणी त्यात शिरतं ना, ती खाडी."

आबा, तुमी तवा फाटकातून वरडला होता. "बाई, इथं प्यायला पाणी न्हाई आन् पोरांना समुद्र कशाला शिकवता?" बाई म्हणल्या, "आबा, आत या. तुमचं गाव कुठंय बघा." तुमी आत आला न्हाईत. आला असता तर बघितलं असतं. त्यांनी माझ्याकडून चिमूटभर हळद घेतली, आपल्या गावापाशी नदीत टाकली आन् डोंगरावरून झारीनं पाणी सोडलं. पिवळं पाणी धरणातून खाली, संगमातून खाली, परातीत जाऊन पसरलं.  मंग पहिलीतली एक पोर म्हणाली, "बाई, मंग आपलं घाण त्या लोकांच्या समुद्रात जातं का?" त्या दिसापासून पोरांनी घरी जाऊन आयांची डोकी खाल्ली, वढ्यात फवारणीची डबडी धुवू नका म्हून. तुमच्या घरात बी झालं असंल हे भांडण. ते कुठून आलं, आता कळलं का?

मंग चवीचा धडा. तीन गिलास. एक गोड, एक खारा, मधला मचूळ. मधला माझ्याकडं. बाई म्हणल्या, "खाडीचं पाणी कर." मी म्हणलं, मी बघितली तरी का तुमची खाडी? म्हणल्या, "आमटीत घालतेस त्यापेक्षा कमी." मी घातलं. त्यांनी घोट घेतला आन् डोळे मिटून उभ्याच राहिल्या. लई येळ. मी घाबरले, म्हणलं चुकलं काय. तर म्हणल्या, "नाही गं. बरोबर आहे. अगदी घरासारखं."

आता बाटल्या. हे नीट ऐका, कारण हेच तुमी ओतलं.

टोळ्यांसंगं जाणारी पोरं शाळेतून तुटतात. मी तशीच तुटले. बाईनं काय केलं, तर जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एक रिकामी बाटली द्यायची. औषधाची, सरबताची, मिळंल ती. सांगायचं, "जिथे पाचटाची कोपी बांधून राहाल, तिथल्या नदीचं पाणी भरून आण. तोच तुझा अभ्यास." पोरं उन्हाळ्यात परत यायची ती बाटल्या घेऊन. कोणाची भीमा, कोणाची कृष्णा, कोणाची पंचगंगा. बाई पांढरी पट्टी चिकटवून त्यावर नदीचं नाव अन् पोराचं नाव लिहायच्या. नकाशावर बोट ठेवायला लावायच्या. जो पोरगा सा महिने गायब, तो मास्तर होऊन समद्यांना शिकवायचा, माझी नदी कशी हाय, तिला साखर कारखान्याची मळी कुठं मिळते, मासे कवा मेले. ज्याला वाचता येत न्हाई ते पोर बी बाटली दाखवून ताठ उभं राहायचं. मी चुलीपासून बघायचे. मला वाटायचं, माझ्या टायमाला अशी एक बाटली कोणी दिली असती तर.

माझ्या खिचडीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ती समदी ओळ होती. वरच्या फळीवर बालाघाटापासून आपली सिंदफणा, मंग गोदावरी, आन् सगळ्यात शेवटाला खाडी.

ती शेवटची बाटली बाईनं स्वतः आणली. एका दिवाळीच्या सुट्टीत एकट्या गेल्या. रेल्वेनं आंध्रात राजमुंद्री, तिथून पुढं बस, मंग होडी. भाषा कळत न्हाई, ओळखीचं कोणी न्हाई. मला म्हणल्या होत्या, "चल सरू." मी म्हणलं, माझ्या शेळ्या कोण बघंल? गेले न्हाई. शेळ्यांसाठी. परत आल्या ती ही बाटली घेऊन, आन् एका पिशवीत कांदळाच्या शेंगा, खेकड्याचं कवच. कांदळ म्हंजे खाडीतलं झाड, त्याच्या बियाला झाडावरच कोंब फुटतो. मी म्हणलं, तुमच्या कोकणातल्याच खाडीचं आणायचं ना पाणी, एवढ्या लांब कशाला? तवा त्या जे बोलल्या ते मी आजवर कोणाला सांगितलं न्हाई.

म्हणल्या, "सरू, माझी खाडी पश्चिमेला. तुमची नदी पूर्वेला जाते. इतकी वर्षं मी या नदीकाठी राहते, पण हिचा एक थेंबसुद्धा माझ्या घराकडे जात नाही. म्हटलं, निदान ही जाते तिथे तरी जाऊन यावं."

 मी म्हणलं, "चहा घ्या." एवढंच.

बदली मागा म्हणलं तर मागायच्या न्हाईत. म्हणायच्या, "बाटल्या कोण देईल पोरांना?" आई वारली तवा गेल्या, चार दिसांनी परत. मंग कोणाकडं जायचं राहिलंच न्हाई. रविवारी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेल्या दिसायच्या. मी आपली कामात. जायचे कधी, कधी न्हाई. आता त्या न गेलेल्या रविवारांचं काय करू, सांगा मला.

त्या गेल्या ती बी रविवारीच. सोमवारी प्रार्थना झाली, बाई न्हाईत. मी गेलते बघायला. दार नुस्तं लोटलेलं. ताटाखाली भाकरी झाकलेली, एक खाल्लेली, एक तशीच. डॉक्टर म्हणले, हृदय. एक दिवस उलटला होता. एक आख्खा दिवस, भरल्या गावात. हाक मारायला त्यांच्या भिंतीपलीकडं कोण होतं? मीच होते. हाकेच्या टप्प्यात. तुमी बी होता.

भाऊ आला, इथंच आग्नी दिला, राख घेऊन गेला. आपल्या खाडीत सोडली असंल. बरं झालं, घरी पोचल्या. मंग इथं त्यांचं काय उरलं होतं? ती बाटल्यांची ओळ. तेवढीच.

आन् कपाटाची किल्ली मी दिली. आबांनी समईसाठी मागितली, माझे हात पिठात होते, मी कमरेची किल्ली काढून दिली. संगं गेले न्हाई. म्हून मी तुमच्यावर वरडते ती निम्मी माझ्यावर बी हाय. आबा, तुमचा भाव खोटा नव्हता. तुमाला वाटलं, बाईनं एवढ्या जपून ठेवलेलं गोदेचं पाणी, तिच्याच कार्याला लागू द्या. आपल्यात पाण्याला दुसरं कामच काय, एक तर प्यायचं न्हाई तर ओवाळायचं. पाणी बघून शिकायचं असतं, हे त्या बावीस वर्षं सांगत होत्या. आपण तेराव्या दिवशी पिऊन टाकलं.

मघाशी हेडसर मला बाजूला घेऊन म्हणले, "मावशी, एवढं काय, नळाच्या पाण्यानं भरून ठेवा. खाडीच्या बाटलीत मीठ टाका. तुमाला तर मापच ठावं हाय. पोरांना काय कळतंय."

सर, मीठ माझ्याकडं डबाभर हाय. माप बी हाताला हाय. पर चाखायच्या गिलासात मी करत होते ते खोटं, हे पोरांना सांगून करत होतो आमी. पोर इचारायचं, "बाई, खरी खाडी हाय का कुठं?" तवा बाई फळीवरची बाटली खाली काढायच्या. म्हणायच्या, "आहे. मी जाऊन आलेय." त्यासाठी गेल्या होत्या त्या, एकट्या. आता मी मीठ कालवून तिथं ठेवू, आन् पोरानं इचारलं कोण गेलतं, तर काय सांगू?

एक पोर आत्ता चुलीपाशी येऊन उभी होती. तिची कृष्णा होती त्या ओळीत. मला म्हणाली, "मावशी, माझी नदी कुठं गेली?"  त्याचं उत्तर तुमी द्यायचंय.

दसरा झाला की टोळ्या निघतील. पोरांच्या हातात बाटल्या गेल्या पाहिजेत. ते मी करते, पट्टीवर नाव लिहायला हेडसर बसतील, न्हाई म्हणणार न्हाईत. सिंदफणेचं, धरणाचं, संगमाचं पाणी गावातली माणसं आणतील, आबा सोता आणतील. पोरं पोरांचं आणतील. ओळ परत भरंल. पर शेवटची बाटली?

खाडीला कोण जातंय?

कोणी न्हाई गेलं तर मी जाते. खरं सांगते. शेळ्या इकून टाकते. मला फक्त कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, कुठं चढायचं, कुठं उतरायचं, आन् तिथल्या माणसाला काय इचारायचं. पर एकटीला पाठवू नका. एक एकटी जाऊन आली, तिचं काय झालं बघितलं आपण. संगं एक माणूस द्या. ह्या गावातला एक.

आता उठा. दोन मिनिटं गप उभे राहा. टाळूला ती खारी चव अजून हाय, माझ्या बी हाय, रिकाम्या बाटलीचा शेवटचा थेंब मी बी चाटला. तेवढी येळ ती चव तशीच राहू द्या. वरून चहा घेऊ नका. कुंदाबाई एकट्या एवढ्या लांब जाऊन आपल्यासाठी घेऊन आल्या होत्या ती.

बाई, सरूचा रामराम घ्या.

आन् आबा, हेडसर, समदे ऐका. सोमवारी मी ती रिकामी बाटली घेऊन ओट्यावर बसते. शाळेची घंटा व्हायच्या आत मला जवाब पाहिजे, माझ्यासंगं कोण येतंय.